फेरफाराची नोंद

मुंबईतील शिवडीच्या कारखान्यातून 1928 च्या डिसेंबरात जनरल मोटर्सची पहिली शेव्हरोले बाहेर पडली. तिचे सुटे भाग पेट्यांतून समुद्रमार्गे आले होते आणि येथील कामगारांनी ते जोडले होते, म्हणजे त्या गाडीच्या अस्तित्वाचा आरंभच मुळी जुळणीतून झाला. 1954 साली तो कारखाना बंद झाला. परंतु त्या काळातील एखादी अमेरिकन गाडी व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सभासदाच्या हाती जीर्णावस्थेत येते, पत्र्याखालचा लाकडी सांगाडा वाळवीने पोखरलेला असतो, सिलिंडरांत नवे लाइनर बसवावे लागतात, पाटे, वायरिंग, गाद्या सारे क्रमाक्रमाने बदलावे लागते, आणि दीर्घ परिश्रमांनंतर ती स्वतःच्या बळावर रस्त्यावर धावू लागते, तेव्हा धावते ती तीच गाडी काय, हा प्रश्न केवळ मोटारींच्या शौकिनाचा राहत नाही.

तो फार प्राचीन आहे. मिलिंदपञ्हात भदंत नागसेन यवनराजा मिलिंदाला विचारतात, की रथ म्हणजे चाके, की आस, की जू. आणि यांपैकी काहीच नव्हे, तर अवयवांच्या आश्रयाने चालणारी ती एक संज्ञा मात्र आहे, असे राजाच्याच तोंडून वदवून घेऊन ‘नागसेन’ हेही तसेच नाव असल्याचे दाखवून देतात. अहंतेचा भार उतरविण्यासाठी याहून निर्मळ युक्तिवाद मला ठाऊक नाही. तथापि जीर्णोद्धार करणाऱ्याचे समाधान तेवढ्याने होत नाही, आणि होऊही नये. कारण गाडी ही संज्ञाच तेवढी असेल, तर जुन्या चासीचा क्रमांक भलत्याच चासीवर कोरणारा लबाड आणि एकेक मूळ बोल्ट राखणारा मिस्त्री यांच्यात भेद कसला?

2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या स्वतंत्र नोंदणीची तजवीज केली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, अशी अट घातली. दप्तराला कोठे तरी रेषा ओढावीच लागते. मला मात्र गाडीचे स्वत्व त्या रेषेपेक्षा नोंदीच्या प्रामाणिकपणात दिसते.

आमच्या ढोकीत असा विचार करणे स्वाभाविक आहे. 1911 साली लातूरपर्यंत पोचलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे येथूनच जात असे. पुढे रूळ साडेपाच फुटी झाले, डबे आणि इंजिने बदलली, तरी आपली रेल्वे नाहीशी झाली असे कोणास वाटले नाही, कारण जे झाले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. जवळच्या तेरला त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. तेथे उपास्य बदलले, उपासक बदलले, पण मागची अर्धवर्तुळाकार भिंत कोणी लपविली नाही, आणि म्हणूनच त्या वास्तूचा पूर्वेतिहास आजही वाचता येतो.

त्याच तेरचे गोरोबाकाका. मडके पक्के की कच्चे हे जोखण्याच्या थापटण्याने त्यांनी संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. जुन्या गाडीच्या मडगार्डावर डेंटर बोटाच्या पेराने टिचकी मारतो, आणि पत्रा खणखणला नाही, आवाज बसका आला, तर रंगाखाली पुट्टी भरली आहे हे ओळखतो. त्या क्षणी तोही, माझ्या मते, सत्याचीच परीक्षा घेत असतो. पुट्टी भरणे पाप नव्हे. ती भरून पत्रा अस्सल असल्याचा दाखला देणे, हे मात्र आहे.

म्हणून सभासदाने काढलेले भाग चिठ्ठ्या लावून जपावेत, कोणता भाग केव्हा व का बदलला हे वहीत लिहावे, आणि गाडी पुढील मालकाच्या स्वाधीन करताना आरसी बुकाबरोबर ती वहीही द्यावी, असे मी आग्रहाने म्हणतो. शेताच्या फेरफाराची नोंद आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो. जी वस्तू अनेक हातांच्या कष्टाने टिकली, तिच्या वारसाला तेवढा हक्क असलाच पाहिजे.