झाडं वाढली, गवत गेलं

अमेरिकेच्या वनखात्याने आपलं पहिलं प्रायोगिक संशोधन केंद्र १९०८ साली अ‍ॅरिझोनात, फ्लॅगस्टाफजवळच्या फोर्ट व्हॅलीला उघडलं. पाँडेरोसा पाइनची नवी रोपं रुजत नाहीत, ही त्या काळची काळजी होती. आज त्याच रानाला झाडांची गर्दी सोसवत नाही. वनसंशोधक वॉलेस कोव्हिंग्टन आणि सहकाऱ्यांनी जुने बुंधे मोजून तिथल्या एका तुकड्याचा हिशेब मांडला: १८७६च्या सुमारास एकरी साधारण २३ झाडं होती, १९९२मध्ये बाराशेहून अधिक.

हे घडलं गवतामुळे. खरं तर गवत गेल्यामुळे. १८८२मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ मेंढ्यांचे आणि गुरांचे मोठाले कळप आले, त्यांनी गवत खाऊन संपवलं. दर काही वर्षांनी जमिनीलगत सरपटत जाणारा वणवा याच वाळक्या गवतावर चालायचा. जाड सालीचे जुने वृक्ष त्यातून वाचत, कोवळी रोपं जळत. गवत गेलं तसा वणवा थांबला, उरलासुरला माणसांनी विझवला. मग १९१९ साली भरघोस रोपं उगवली आणि बहुतेक जगली. गवत त्या जंगलाचा राखणदार होतं, असं मी म्हणेन.

दाटीत गवत खुरटतं ते सावलीमुळे, असं सहज वाटतं. पण या कोरड्या मुलखात मुळांची पाण्यासाठीची चढाओढही तितकीच मोठी. शिवाय पाइनच्या सुया लवकर कुजत नाहीत. त्यांचा जाड थर हलका पाऊस वरच्यावर अडवतो आणि गवताचं बी मातीला लागू देत नाही.

झाडांच्या प्रमाणात गवत सारखं घटत जात नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मोकळ्या कुरणात पहिली थोडी झाडं वाढली की चारा झपाट्याने उतरतो. पुढे दाटी कितीही झाली तरी कमी व्हायला फारसं काही उरलेलंच नसतं. म्हणून दाट रानातली चार-दोन झाडं काढून गवत परत येत नाही. भीत भीत केलेल्या विरळणीत झाडंही जातात, खर्चही होतो, आणि हरणांना किंवा गुरांना काहीच मिळत नाही. झाडावर कुऱ्हाड चालवताना मन कचरतं, कचरावंही. पण जंगलाची श्रीमंती केवळ खोडं मोजून ठरवली तर त्या खोडांखालचं सगळं जगणं हिशेबाबाहेर राहतं.

आता तिथल्या चार राष्ट्रीय वनांत मिळून सुमारे २४ लाख एकरांवर विरळणीची आणि आखून लावलेल्या जाळाची योजना आहे. काम रेंगाळतं, कारण बारीक लाकडाला गिऱ्हाईक नाही. गवत परतलं की त्यावर लगेच गुरं सोडायचा मोह होणारच. ती काही काळ बाहेर ठेवायला हवीत, कारण सगळं गवत पुन्हा खाल्लं गेलं तर पुढचा जाळ कशावर चालणार?