धर्मगुरू आणि अभ्यासक : एकाच ग्रंथाचे दोन वाचक

धर्मग्रंथ दोन प्रकारे वाचता येतो. एक वाचक सकाळी ग्रंथाला नमस्कार करतो आणि विचारतो, 'आज मी कसे वागावे, हे तू मला सांग.' दुसरा वाचक जुनी हस्तलिखिते शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, 'हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणता शब्द मागाहून आला?' पहिल्याला वाटते, दुसऱ्याकडे श्रद्धा नाही. दुसऱ्याला वाटते, पहिल्याला सत्याची भीती वाटते. यांपैकी खरा वाचक कोणता?

ज्यू समाज या प्रश्नाला गेली दोनशे वर्षे सामोरा जात आहे. त्याचा अनुभव कोणत्याही साधकाने समजून घ्यावा असा आहे.

रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू. तोरा आणि तालमूद यांचे अध्ययन करून लोकांना आचारधर्म समजावून देणे, हे त्याचे काम. १८१९ साली बर्लिनमध्ये लिओपोल्ड झुन्झ आणि त्यांच्या तरुण मित्रांनी एक मंडळ स्थापन केले. विद्यापीठात इतर विषय ज्या पद्धतीने अभ्यासले जातात, त्याच पद्धतीने ज्यू परंपरेचाही अभ्यास व्हावा, ही त्यांची इच्छा होती. तेव्हापासून रब्बींच्या शेजारी एक नवा माणूस उभा राहिला, तो म्हणजे अभ्यासक.

ताण लगेच निर्माण झाला. डेव्हिड झ्वी हॉफमन हे अत्यंत धर्मनिष्ठ विद्वान होते. त्यांनी तालमूदमधील एका ऋषितुल्य आचार्यांचे ऐतिहासिक चरित्र लिहिले, तेव्हा रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी त्याला कडक विरोध केला. आचार्यांची वचने काळाच्या मापाने मोजू लागलो तर उद्या त्यांचे कोण ऐकेल, ही भीती त्या विरोधामागे होती आणि ती पोकळ नव्हती. पण हॉफमन यांनी ना धर्म सोडला, ना अभ्यास. १८७३ साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या रब्बींच्या विद्यालयात त्यांनी शिकवले आणि पुढे त्याचे नेतृत्वही केले. त्याच हातांनी ते लोकांच्या धर्मविषयक शंकांना उत्तरे लिहीत राहिले.

चूक केवळ एका बाजूची नसते. जे अजून जिवंत आहे त्याकडे संपलेली गोष्ट म्हणून पाहणे, हा अभ्यासकाचा मोह. गेर्शोम शोलेम हे स्वतः मोठे अभ्यासक. त्यांनी १९४४ साली आपल्याच पूर्वसूरींवर या कारणासाठी टीका केली. आणि सोलोमन शेख्टर यांनी १९०३ साली दाखवून दिले की, बायबलच्या तथाकथित तटस्थ चिकित्सेतही ज्यूंविषयीचा द्वेष लपलेला असू शकतो. म्हणजे मन शुद्ध करण्याची गरज भक्तालाच असते असे नाही, अभ्यासकालाही असते.

याच शेख्टर यांची एक हकीकत पाहू. ज्यूंमध्ये एक प्रथा आहे. ज्या कागदावर ईश्वराचे नाव असेल तो जीर्ण झाला तरी फेकायचा नाही, जपून ठेवायचा. जुन्या कैरोमधील बेन एझ्रा प्रार्थनागृहातल्या एका कोठडीत असे कागद शतकानुशतके साठत गेले. १८९६ साली दोन स्कॉटिश जुळ्या बहिणींनी आपल्या प्रवासातून आणलेले एक पान केंब्रिजमध्ये शेख्टर यांच्यापुढे आले. बेन सिरा या ग्रंथाचा मूळ हिब्रू पाठ लुप्त झाला आहे असे मानले जात होते. हे पान त्याच पाठाचे होते. शेख्टर कैरोला गेले. तेथील मुख्य रब्बी आरोन बेन शिमोन यांनी त्यांना ती कोठडी उघडून दिली आणि हवे ते नेण्याची मुभा दिली. सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला पोहोचले.

आता विचार करा. भक्तांनी ते कागद जपले नसते तर अभ्यासकाच्या हाती काय आले असते? आणि अभ्यासकाने ते वाचले नसते तर ते कागद अंधारातच राहिले असते. रब्बीने दार उघडले आणि अभ्यासकाने दिवा आणला. शेख्टर स्वतः रब्बीपदाची दीक्षा घेतलेले होते, म्हणून त्यांना त्या धुळीचे मोल कळले.

त्या साठ्यात प्रार्थना होत्या, तशी व्यापाऱ्यांची पत्रेही होती. रब्बीच्या घरात जन्मलेल्या श्लोमो गोइटाइन यांनी ती वाचण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवली. त्यांतून बाराव्या शतकात आपल्या मंगळूरला राहणाऱ्या अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याचे जीवन उलगडले. कैरोतल्या श्रद्धेने भारताच्या इतिहासाचे एक पान सांभाळून ठेवले होते!

मग या दोघांना जोडणारा पूल कशाचा? एकमताचा नव्हे. तालमूदमध्ये हिल्लेल आणि शम्माई यांच्या शिष्यांचे मतभेद शेजारी शेजारी नोंदवले आहेत. ज्याचे मत मान्य झाले नाही, त्याचेही शब्द पुसले गेले नाहीत. पूल असतो तो एकमेकांचे ऋण मान्य करण्याचा. धर्मगुरूने अभ्यासकाला म्हणावे, 'तुला जे खरे दिसले ते सांग, मी कान बंद करणार नाही.' अभ्यासकाने म्हणावे, 'या शब्दांवर माणसे जगली आणि मेली, हे मी विसरणार नाही.'

आणि हे दोघे बाहेरच असतात असे नाही. आपल्या प्रत्येकाच्या मनात एक नमस्कार करणारा बसलेला आहे आणि एक प्रश्न विचारणारा. आपण बहुधा एकाला गप्प बसवून दुसऱ्याला बोलू देतो. पुढच्या वेळी स्वाध्यायाला बसाल तेव्हा दोघांनाही जवळ बसवा. एखादा प्रश्न मनाला टोचला तर घाईने त्याला पाप म्हणू नका, आणि घाईने श्रद्धेला भाबडेपणाही म्हणू नका. प्रश्नाने जी श्रद्धा मोडेल ती कदाचित केवळ सवय असेल. आणि ज्या प्रश्नाला उत्तर ऐकण्याचा धीर नाही, तो कदाचित केवळ अहंकार असेल. दोन्ही तपासून पाहणे, हीसुद्धा साधनाच आहे.