सुटे भाग बदलल्यावर उरते ते काय?

कोल्टचे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारले. त्या काळातले काही नग अजून चालतात, पण त्यांत मूळचे किती उरले आहे हे सांगणे अवघड असते. स्प्रिंगा बहुधा आधी तुटतात. मग सिलिंडर फिरवणारी पट्टी झिजते, सिलिंडर जागेवर रोखणारा खटका झिजतो, चापाचे टोक आणि घोड्याची खाच बोथट होते. कधी नळीही बदलावी लागते. एवढे सगळे बदलल्यावर हत्यार तेच राहते की दुसरे होते?

प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसिअस या पौराणिक वीराच्या जहाजाच्या निमित्ताने हा प्रश्न नोंदवून ठेवला. कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालत गेले तर जहाज तेच का, यावर विचारवंतांचे एकमत नव्हते. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात मेख मारली: काढलेल्या फळ्या जपून त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? ही कल्पना फार ताणलेली वाटते, पण १८९५ नंतर अमेरिकी सैन्याच्या रिव्हॉल्व्हरांच्या बाबतीत जवळपास असेच घडले. घोडदळाची साडेसात इंची नळीची रिव्हॉल्व्हरे दुरुस्तीला काढून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या, आणि या कामात ज्याचा भाग त्यालाच परत बसवण्याची फिकीर फारशी राहिली नाही. एकाच हत्याराच्या चौकटीवर, नळीवर आणि सिलिंडरवर वेगवेगळे क्रमांक दिसू लागले. एरवी विजोड क्रमांक भाव पाडतात. ‘आर्टिलरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आखूड नळीच्या नमुन्यात मात्र संग्राहक तेच स्वाभाविक मानतात. म्हणजे अस्सलपणाची कसोटीही हत्याराच्या इतिहासावरून ठरते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील नागसेन भिक्षूला यात कोडे दिसले नसते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ, असे तो मिलिंद राजाला पटवतो. न्याय-वैशेषिक दर्शनांच्या विचारवंतांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, खरोखर असतो आणि तो ‘समवाय’ या अतूट संबंधाने अवयवांत राहतो. या भूमिकेची किंमतही ते मोजतात: एक अवयव निघाला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उपजतो. त्या हिशेबाने एक स्प्रिंग बदलली की रिव्हॉल्व्हर दुसरे झाले. ‘हे तेच’ ही ओळख केवळ सारखेपणावर टिकते. तर्क चोख आहे, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या अनुभवाला तो पुरा पडत नाही.

कारण भाग नुसता आणून बसवता येत नाही. आधी योग्य उत्पादन-पिढीचा भाग शोधावा लागतो. १९७६ पासूनच्या तिसऱ्या पिढीत नळीचे आटे बदलले, त्यामुळे ती नळी जुन्या चौकटीत जात नाही. बरोबर पिढीची पट्टी मिळाली तरी ती बहुधा थोडी लांब असते. घोडा पूर्ण मागे येण्याच्या वेळी सिलिंडरचे भोक नळीच्या रेषेत येऊन खटका खाचेत बसला पाहिजे, म्हणून कारागीर पट्टी कानशीने जराशी घासतो, बसवून पाहतो, पुन्हा काढतो. कानस जास्त चालली तर भाग वाया. बसलेली पट्टी मग त्याच हत्याराच्या झिजेला जुळलेली असते आणि दुसऱ्यात नीट चालेलच असे नाही. इथे आधीची जुळणी नव्या भागाला आकार देते. नागसेनाच्या ‘नुसत्या नावा’ला हे काम करता येत नाही, आणि प्रत्येक बदलाबरोबर नष्ट होणाऱ्या अवयवीलाही नाही. यंत्राचे सातत्य या जुळवून घेण्यातच शोधणे अधिक योग्य दिसते.

कायद्याला इतका सूक्ष्म विचार परवडत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने चौकटीला जवळजवळ आत्म्याची जागा दिली: नळी, सिलिंडर, घोडा हे सुटे भाग, पण नुसती चौकटसुद्धा बंदूकच. १८९८ पर्यंत बनलेल्या चौकटीवर बाकी सर्व भाग नवे असले तरी हत्यार पुरातन ठरते. उलट, मूळ चौकट तडकली म्हणून तिचे सगळे जुने, एकमेकांना घासून जुळलेले भाग आजच्या चौकटीत बसवले, तर कायद्याच्या लेखी ते नवे हत्यार होते.