दौलताबादला पोचलेला पाय

इब्न बतूतानं लिहून ठेवलेली एक गोष्ट आहे. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादला जायचा हुकूम सोडला. शहर रिकामं झाल्यावर झडती घेतली, तर दोघं सापडले. एक पांगळा, एक आंधळा. पांगळ्याला दगड फेकायच्या यंत्रातून भिरकावलं. आंधळ्याला चाळीस दिवसांच्या वाटेवर फरफटत नेलं. दौलताबादला पोचला तो फक्त त्याचा पाय.

बतूतानं हे डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तो दिल्लीत आला तोवर काही वर्षं उलटली होती, आणि इतिहासकार ही गोष्ट जशीच्या तशी घेतही नाहीत. पण खरी असो वा ऐकीव, तिच्यातला सुलतान ओळखीचा वाटतो. समोरच्याला ‘जमत नाही’ हे त्याला दिसतच नाही. त्याला फक्त ‘ऐकत नाही’ एवढंच कळतं.

आज त्याच दौलताबादचा किल्ला चढताना एखादा माणूस ठरावीक पायऱ्या झाल्या की थांबतो. पोटरीत गोळा येतो. दोन मिनिटं टेकला की बरं वाटतं, पुन्हा तेवढ्याच पायऱ्यांनंतर तेच. सोबतचे म्हणतात, वय झालं, व्यायाम नाही. कधी कधी कारण वेगळं असतं. पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असते आणि चढताना स्नायूला हवं तेवढं रक्त पोचत नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार केला तरी बरंच कळतं. तो ०.९च्या खाली आला की शंका घ्यायची. हे राहून गेलं तर पुढं रात्री झोपेतही पाय ठणकतो, माणूस तो खाटेखाली लोंबकळत सोडून बसतो, बोटावरची जखम भरत नाही, बोट काळं पडतं. अशा वेळी अँजिओप्लास्टी किंवा बायपासनं रक्त पुन्हा सोडता आलं तर पाय वाचू शकतो. उशीर झाला की कापावा लागतो.

हा म्हाताऱ्यांचा आजार, असं म्हणून हा लेख बंद करू नका. बर्जर नावाचा एक प्रकार बहुतेकदा पन्नाशीच्या आतल्या माणसांना गाठतो. लिओ बर्जर या डॉक्टरनं १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये कापलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून त्याचं वर्णन केलं. हा आजार होतो तो जवळजवळ नेहमी तंबाखूवाल्यालाच. विडी, सिगरेट ओढणाऱ्याला तर होतोच, पण मळून खाणाराही सुटत नाही. तंबाखू पूर्ण सोडली तर पाय कापायची वेळ क्वचितच येते. चालू ठेवली तर आज बोट, उद्या पाऊल, परवा गुडघ्याखालचा भाग.

म्हणून डॉक्टर म्हणतात, “तंबाखू सोडा, नाहीतर पाय जाईल.” वाक्य शंभर टक्के खरं आहे. प्रश्न आहे तो ते शिक्षा म्हणून बोललं जातं की उपचार म्हणून, हा.

कारण ‘स्वतःच्या हातानं केलंय, भोगू दे’ हे आपण सगळ्यांना सारखं म्हणत नाही. आपण स्वतंत्र झालो तेव्हा ब्रिटनच्या गादीवर असलेल्या सहाव्या जॉर्जचा उजवा पाय १९४९ साली असाच धोक्यात आला होता. त्याचं सिगरेटचं व्यसन जगजाहीर होतं. पायाकडं रक्त नीट वाहावं म्हणून डॉक्टरांनी कमरेजवळच्या नसांवर शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. राजा उपचाराला लायक आहे का, यावर तेव्हा पंचायत बसली नाही. ती बसते उन्हात भूक मारायला चिमूट तोंडात टाकणाऱ्या शेतमजुरासाठी. शाळेच्या वयात ज्याच्या हातावर पुडी ठेवली गेली, त्यानं ‘निवडलं’ ते नेमकं कधी?

उलट बाजूही खोटी नाही. तंबाखू चालू असताना बायपास केला तर तो बंद पडायचा धोका फार मोठा. सर्जननं ‘आधी सोडा’ म्हणणं यात क्रूर काही नाही. मला खटकतं ते त्यापुढचं. वाक्य तिथंच संपतं आणि माणूस प्रिस्क्रिप्शन घेऊन बाहेर पडतो. त्यात बर्जरच्या रुग्णांना निकोटिनचं च्युइंगम आणि पट्ट्याही टाळायला सांगतात, म्हणजे इतरांना मिळतो तो आधारही यांना नाही. सर्वांत कठीण काम, सर्वांत कमी मदत, आणि जमलं नाही की शेरा मारायचा, पेशंट ऐकत नाही. हा शेरा कुठंतरी आधी वाचलाय ना?

मदत नाहीच असं नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा मोफत नंबर पुडीवरच छापलेला असतो. पण काळ्या पडलेल्या बोटाचा माणूस तो स्वतः लावेल, अशी वाट बघण्यापेक्षा दवाखान्यातूनच कुणीतरी लावून द्यावा. घरच्यांना समोर बसवावं, पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी, परत सुरू झाली तर लपवू नका म्हणावं. आणि ‘का सोडत नाही?’ याच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा. सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळानं लागते? डोळे उघडताच लागते, असं उत्तर आलं तर त्या माणसाची सुटका अवघड आहे, आणि त्याला वेळ जास्त द्यावा लागणार आहे.