पूर्ववत

'पूर्ववत' हा शब्द मराठी माणसाला मोठा दिलासा देणारा आहे. पूर ओसरला, जनजीवन पूर्ववत झाले. आजार सरला, प्रकृती पूर्ववत झाली. भाऊबंदकी मिटली, येणेजाणे पूर्ववत सुरू झाले. जे होते ते सारे जसेच्या तसे परत मिळाले आणि मधली आपत्ती जणू घडलीच नाही, अशी एक समजूत या शब्दात दडलेली असते. संगणकाने तर हे आश्वासन एका बटणावर आणून ठेवले. २००० साली 'विंडोज मी' या प्रणालीबरोबर 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय आली, आणि बिघडलेल्या संगणकाला मागच्या एखाद्या चांगल्या दिवशी नेऊन उभे करणे सामान्य माणसाच्या हाती आले. परंतु ज्या घरांत संगीत संगणकावर लिहिले जाते, त्या घरांना या आश्वासनाची मर्यादा लवकरच कळते. संगणक पूर्ववत होतो, गीतांच्या फायली जागच्या जागी दिसतात. मात्र ती गीते उघडणारे सॉफ्टवेअर काही केल्या सुरू होत नाही. मग परत मिळाले ते नेमके काय? वरवर पाहता हा दुरुस्ती करणाऱ्याचा प्रश्न आहे. आम्हांस तो नीतीचाही वाटतो.

चिखलीसारख्या वस्तीत हा प्रश्न विशेष जवळचा आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील कारखान्यांनी दूरदूरची माणसे इथे आणली, आणि त्या माणसांनी आपापल्या गावची भक्तिगीते बरोबर आणली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधान मंजूर केले. लोकभाषेला उपासनेत मानाचे स्थान मिळाले आणि मराठी गीतांत मोलाची भर पडत गेली. त्यांतील पुष्कळ गीतांचे शब्द गीतपुस्तकांत छापलेले असतात. चाल मात्र कुणा आजीच्या, कुणा शिक्षकाच्या गळ्यात राहते. आज गायनवृंदातला एखादा तरुण ती चाल की-बोर्डवर वाजवून संगणकात उतरवतो, चार आवाजांत बसवतो, नाताळच्या व पास्काच्या मिस्सासाठी तयार करतो. हळूहळू सारा वृंद त्या एका संगणकावर विसंबू लागतो. चाल आता कुठे राहते, हा विचार कुणी करीत नाही. कारण ती 'सेव्ह' केलेली असते.

जपून ठेवलेली वस्तू हाती असूनही मुकी कशी होते, हे आमच्या कामगार वाचकांना निराळे सांगावयास नको. कारखान्यातल्या सीएनसी मशीनच्या कंट्रोलरमध्ये एक लहानशी बॅटरी असते. मशीन बंद असताना त्याचे पॅरामीटर पुष्कळदा तिच्याच आधारावर टिकून राहतात. बॅटरी संपली आणि वीजही बंद झाली, तर ते पुसले जातात. सकाळच्या पाळीला आलेल्या कामगारापुढे मशीन उभे असते. लोखंड तेच, मोटार तीच, पण स्वतःची मापे त्याला आठवत नाहीत. ती मापे कुणी वेळीच अन्यत्र नोंदवून ठेवली असतील, तर काम लवकर सुरू होते. नसतील, तर ते अवजड यंत्र जागेवरच अडून बसते.

संगीताच्या सॉफ्टवेअरचेही काहीसे असेच आहे. 'सिस्टिम रिस्टोअर' आपली कागदपत्रे, छायाचित्रे, गीतांच्या फायली यांना हात लावीत नाही. ते बदलते प्रणालीच्या फायली, रजिस्ट्रीतील नोंदी आणि बसवलेली सॉफ्टवेअरे. ज्या तारखेला संगणक मागे नेला, तिच्यानंतर बसवलेले सॉफ्टवेअर निघून जाते. पडद्यावर त्याचे चित्र कधी कधी तसेच राहते आणि त्यावर बोट ठेवले की काहीच घडत नाही. 'रीसेट' करताना 'माझ्या फायली ठेवा' हा पर्याय निवडला, तरी बाहेरून आणून बसवलेली सॉफ्टवेअरे काढली जातात आणि काढलेल्यांची यादी पडद्यावर ठेवली जाते. सॉफ्टवेअर जागेवर असले, तरी त्याचा परवाना अडू शकतो. पुष्कळ कंपन्यांचा परवाना त्या विशिष्ट संगणकाच्या ओळखीशी बांधलेला असतो. हार्ड डिस्क बदलली किंवा नोंदी मागे गेल्या, की सॉफ्टवेअरला आपलेच घर परके वाटू लागते. याशिवाय आवाजाचा ड्रायव्हर, वाद्यांचे नमुने ठेवलेल्या फोल्डरचा बदललेला पत्ता, एखादे बिघडलेले प्लग-इन, अशी लहानमोठी कारणे असतातच.

उपायही क्रमाने करावे लागतात. प्रथम गीतांचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. दुरुस्तीच्या उत्साहात मूळ ठेवाच गमावण्याचे प्रकार पुष्कळ घडतात. नंतर सॉफ्टवेअर खरोखरीच जागेवर आहे की नुसते त्याचे चित्र उरले आहे, हे पाहावे आणि गरज असल्यास ते नव्याने बसवावे. मग कंपनीच्या खात्यात जाऊन जुन्या संगणकावरील परवान्याची नोंद मोकळी करावी. तरीही सुरू होत नसेल, तर प्लग-इनचे फोल्डर तात्पुरते बाजूला काढावे. सॉफ्टवेअर सुरू झाले की एकेक प्लग-इन परत ठेवत दोषी कोण ते शोधावे. असा शोध संयमाची परीक्षा पाहतो; परंतु बहुतेक वेळा तो फळाला येतो.

नीतीचा प्रश्न उभा राहतो तो परवाना अडतो तेव्हा. मिस्सा चार दिवसांवर आलेली असते, आणि कुणीतरी सद्भावनेने म्हणते, "मी कुलूप तोडलेली प्रत आणून देतो." आपण तर पैसे भरले आहेत, मग यात चोरी ती कसली? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. ज्याने एकदा रास्त किंमत मोजली, त्याचा वापराचा हक्क संगणक बदलल्याने नाहीसा व्हावा, हे न्यायबुद्धीला पटत नाही. उलटपक्षी सॉफ्टवेअर लिहिणाराही श्रमिकच आहे, आणि श्रमिकाला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हे कारखान्यातल्या माणसाइतके दुसऱ्या कुणाला कळणार? तोडलेल्या कुलपाची प्रत एकदा वृंदात आली, की ती पैसे भरणाऱ्याच्या संगणकापुरती राहत नाही. पेन ड्राइव्हवरून ती चार घरी जाते, आणि कधी कधी विषाणूही बरोबर नेते. आमच्या मते इथे हक्क आणि मार्ग यांत फरक करावयास हवा. हक्क खरा असू शकतो. तरी त्याच्यासाठी प्रथम प्रामाणिक दार ठोठावले पाहिजे. पावती दाखवून विनंती केली, तर पुष्कळ कंपन्या परवाना पुन्हा देतात. ते दार उघडलेच नाही, तर 'म्युझस्कोर' किंवा 'लिलीपाँड' यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत काम नव्याने शिकावे लागेल हे खरे. पण दुसरी वाट असताना अगतिकतेची सबब टिकत नाही.

असे असले, तरी परवान्याच्या कुलपामागचा मोठा प्रश्न उरतोच. आपण रचलेले गीत उघडण्यासाठी आपल्याला दुसऱ्याची अनुमती का लागावी? २६ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील 'मेकम्युझिक' या कंपनीने 'फिनाले' हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर थांबवत असल्याचे जाहीर केले. जगभरच्या संगीतकारांनी पस्तीस वर्षे त्यात आपल्या रचना लिहिल्या होत्या. वर्षभरानंतर ते कोणत्याही नव्या संगणकावर अधिकृत करता येणार नाही, असे प्रथम सांगण्यात आले. याचा अर्थ असा, की त्यानंतर ज्याचा संगणक बिघडला, त्याचे आयुष्यभराचे काम त्याच्याच डिस्कवर असून त्याला त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडता आले नसते. संगीतकारांनी तीव्र नापसंती व्यक्त केली, तेव्हा कंपनीने हा निर्णय लवकरच बदलला आणि अधिकृत करण्याची सोय पुढेही चालू राहील असे कळवले. प्रसंग निभावला, पण आपला ठेवा कुणाच्या तरी मर्जीवर टिकून होता, ही गोष्ट त्या निमित्ताने अनेकांच्या ध्यानात आली.

ठेवा टिकतो कसा, याचे उत्तर आमच्याच पंचक्रोशीत आहे. चिखलीत महापालिकेने तुकाराम महाराजांच्या नावाने संतपीठ उभारले आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा इथल्या मुलामुलांना ठाऊक असते. तुकोबांच्या टाळकऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते. ते अभंग लिहून ठेवीत. त्यांच्या हातच्या लेखनावरून पुढे वि. ल. भावे यांनी गाथा छापून प्रसिद्ध केली. वह्या तरल्या या श्रद्धेला कुठेही उणेपणा न आणता आम्हांस असे म्हणावेसे वाटते, की अभंग एका वहीत कोंडलेले नव्हते. ते टाळकऱ्यांच्या मुखी होते, लेखकांच्या हाती होते. एका ठिकाणी बुडालेले दुसऱ्या ठिकाणी जिवंत होते.

आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याचा अनुभवही वेगळा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापण्यात आले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्यातून आलेले, म्हणजे त्या काळच्या सर्वांत आधुनिक यंत्रातून आलेले पुस्तक गेले. टिकल्या त्या भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रती. त्यांच्याच आधाराने जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून नवी आवृत्ती काढली. ज्यांनी त्या नकला केल्या, त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी पुराण वाचले, म्हटले, पुढच्या हाती दिले. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले.

इथे शुभवर्तमानातील रुपयांच्या दाखल्याची आठवण होते. धन्याने दिलेली रक्कम ज्या दासाने जमिनीत पुरली, त्याने ती गमावली नव्हती. जशी मिळाली तशीच, एक पैही कमी न करता, त्याने ती परत केली. आजच्या भाषेत त्याचे 'रिस्टोअर' निर्दोष होते. तरीही धन्याने त्याला बोल लावला. आम्ही हा दाखला वाचताना त्या दासाच्या आळसावर बोट ठेवतो. परंतु त्याच्या जपण्याच्या कल्पनेतही एक दोष होता. वस्तू बदलू नये एवढ्यालाच तो जपणे समजला. हातातून हाती गेल्याशिवाय ती वाढत नाही, हे त्याने ध्यानी घेतले नाही. संगणकात कोंडलेले गीत हे पुरलेल्या रुपयासारखेच आहे. त्याच्या शंभर प्रती केल्या, तरी त्या एकाच सॉफ्टवेअरच्या एकाच कुलपाआड असतील, तर एकच खड्डा शंभरदा खणल्यासारखे होते.

म्हणून गायनवृंदांनी आणि कुटुंबांनी काही साधी बंधने स्वतःवर घालून घ्यावीत, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक गीत सॉफ्टवेअरच्या खास फाइलीबरोबरच म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात ठेवावे. म्हणजे दुसरे सॉफ्टवेअरही ते वाचू शकेल. मिडी फाइलही ठेवावी. मात्र तिच्यात कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवायचा एवढ्याच सूचना असतात, प्रत्यक्ष आवाज नसतो, हे विसरू नये. एक प्रत कागदावर छापून चर्चमध्ये ठेवावी आणि गीत प्रत्यक्ष गाऊन त्याचे ध्वनिमुद्रण करावे. परवान्याचा क्रमांक आणि पावती वृंदाच्या वहीत नोंदवावी. त्या वहीची जागा किमान दोघांना माहीत असावी. वर्षातून एकदा, शक्यतो आगमनकाळापूर्वी, ही गीते दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडतात का, हे पडताळून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिलेलीच नाही, तिच्यावर भरवसा कसा ठेवावा?

आणि या सर्वांच्या आधी ती चाल मुलांना शिकवावी. संगणक बिघडतील, कंपन्या बंद पडतील, आज जे स्वरूप खुले आहे तेही कधी जुने होईल. ज्या दिवशी पडद्यावर काहीच उघडणार नाही, त्या दिवशीही मिस्सा होणारच आहे. वेदीजवळच्या बाकांवर बसलेल्या दहा मुलांना ते गीत पाठ असेल, तर गायनवृंदाला यंत्र सुरू होण्याची वाट पाहावी लागणार नाही.