बापाचा धूर आणि बाळाचा भोग

ज्याचे कर्म, त्याचे फळ, हा सिद्धान्त आपण प्रवचनातून नित्य ऐकतो. पण त्याचीच ढाल करून माणूस आपल्या दोषाआड कसा लपतो, हे मला आषाढीच्या वाटेवर एका तरुण वारकऱ्याने दाखविले. त्याला उत्तर देताना माझीही मोठी चूक झाली, तीही आज प्रांजळपणे सांगावयाची आहे.

लोणंदचा मुक्काम होता. आमच्या दिंडीतला हा टाळकरी, गळ्यात माळ, आवाज गोड. घरी कारभारीण सात महिन्यांची पोटुशी. रात्री जवळ येऊन बसला नि म्हणाला, "महाराज, माळ घातली तशी दारू सुटली, मटण सुटलं, पण बिडी काही सुटत नाही. दिवसाला एक कट्टा लागतोच."

मी म्हटले, "अरे, आता बाप होणार ना तू?"

तो म्हणाला, "जळेल ती माझी छाती जळेल, महाराज. ज्याचं त्याचं कर्म. पोराच्या प्रारब्धात असेल ते होईल."

बोलणे शास्त्राचे वाटते; तेव्हा त्याची तपासणीही शास्त्रानेच केली पाहिजे. जे कर्म आपण केलेच नाही त्याचे फळ पदरी पडणे, याला शास्त्रकार 'अकृताभ्यागम' म्हणतात, आणि ज्या मतात हा दोष शिरतो ते मत त्याज्य मानतात. आता आपल्या घरातली खोली डोळ्यांपुढे आणा. दार लोटलेले, गर्भिणी अंथरुणावर, आणि कोपऱ्यात बाप झुरके घेतो आहे. तो धूर तिच्याही श्वासात जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटीन वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. अशा धुरात राहणाऱ्या मातेचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. जन्मल्यावर त्याच धुराने तान्ह्या बाळाला न्यूमोनिया, दमा, कानाचे विकार अधिक होतात, आणि झोपेतच अर्भक दगावण्याचे भयही वाढते. बिडी ओढली कोणी, आणि भोग आला कोणाला? शास्त्रात जो दोष टाळला, तो आपण घरात वाढवून ठेवला.

आणि अशी घरे थोडी नाहीत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातले शंभरातले अडतीसांहून अधिक प्रौढ घरात दुसऱ्याचा धूर घेत असल्याचे आढळले.

यावर कोणी शंका घेईल की, बाळाच्या वाट्याला आले म्हणजे त्याचे प्रारब्ध असलेच पाहिजे. समाधान असे की, चोरी करून "धन्याच्या प्रारब्धातच होती" असे म्हटल्याने चोर सुटत नाही. आपल्यावर आलेले दुःख धीराने सोसावे म्हणून प्रारब्धाचा विचार सांगितला आहे. दुसऱ्याला दुःख देण्याचा तो परवाना नव्हे.

दुसरा म्हणेल, आयुर्वेदातही धूमपान आहे. आहे, परंतु ते औषधी वर्तीचे. तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या मागून. १६०४ च्या सुमारास असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. चरकाच्या ग्रंथात ती असणार कशी? आणि त्या औषधी धुराविषयीसुद्धा, तो कोणी घेऊ नये हे सांगताना, चरकाने सूत्रस्थानात गर्भिणीचे नाव स्पष्ट घातले आहे.

असो. हे सारे मी त्या तरुणाला ऐकविले. तो गहिवरला. आणि इथे माझी चूक झाली. मी म्हटले, "घे होणाऱ्या बाळाची शपथ." त्याने घेतली.

फलटणला सामानाच्या ट्रकमागे तो मला दिसला. मला पाहताच त्याने पेटती बिडी मुठीत दाबली. हात भाजला, पण "हाय" म्हणाला नाही. मग रडू लागला. "महाराज, शपथ मोडली. आता बाळाला काही झालं तर? त्या धास्तीनं झोप लागत नाही, आणि झोप नाही म्हणून आणखी ओढतो."

मी खाली मान घातली. थोराच्या व्यसनाचे ओझे मी न जन्मलेल्या जीवाच्या माथी ठेवले होते. बापाचा धूर हा अकृताभ्यागम, तसा माझी शपथ हाही अकृताभ्यागमच! मी त्याला म्हटले, "ती शपथ मी परत घेतो. मोडली ती माझी चूक, बाळाला तिचे काही नाही."

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलपणाची तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी दोन उपाय सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. बाळाचे प्रेम वैराग्य देईल. अभ्यास मात्र रोज करावा लागतो. वारीत पाय आखडला, माणूस झाडाखाली बसला, म्हणून वारी मोडत नाही. उठला, चालू लागला, की झाले.

त्या अभ्यासाला वाट अशी. एक दिवस ठरवावा; आदल्या रात्री कट्टा, काडेपेटी, थोटके सारी घराबाहेर टाकावी. तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यावे, चार पावले चालावे, नाम घ्यावे. पहिला आठवडा अवघड. चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांनी ते समजून घ्यावे. बिडीऐवजी तंबाखू-चुना किंवा मिश्री धरू नये, निकोटीन तेच. ओसरीवर ओढून आत आले, खिडकी उघडली, म्हणून भागत नाही. कपड्यांतून, श्वासातून विष आत येतेच. दिंडीतल्या सोबत्यांनी त्याच्यासमोर पेटवू नये. बारशाच्या आनंदात "एक घे रे" म्हणणारा मित्र नव्हे. आजोबांनीही हा नेम पाळावा. गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम घ्यावा. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवाही आहे. आणि घसरला तर लपवू नये, सांगावे. बायकोला मात्र पहारेकरी करू नका. तिला आधीच ओझे पुष्कळ आहे.

कार्तिकीला तो भेटला. मुलगी झाली होती. मी विचारण्याआधीच म्हणाला, "मधे दोनदा ओढली, महाराज. दोन्ही वेळा घरी सांगितलं. आज बावीस दिवस झाले."

बावीस दिवस! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तळहातावर भाजल्याचा डाग अजून होता.

आईबापांची सेवा मुलाने कशी करावी, हे पुंडलिकाने दाखविले. पण मुलाचीही एक सेवा बापाकडे असते, आणि ती मूल पोटात असतानाच सुरू होते. त्याला स्वच्छ श्वास द्यावा. जे हे करू पाहत असतील त्यांना नावे ठेवू नका, शपथा घालू नका. चार पावले त्यांच्याबरोबर चाला.

रामकृष्णहरि.