हा रंग मूळचाच ना?

दिल्लीच्या कनॉट प्लेसहून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. नवे महाराष्ट्र सदन २०१३ सालापासून याच मार्गावर आहे, आणि कामानिमित्त राजधानीत गेलेल्या मराठी माणसाची पावले तिकडे सहज वळतात. तेथून जवळच, बाराखंबा रस्त्यावर, ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राची इमारत आहे. या वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींचा मेळावा सुरू केला आणि तेव्हापासून दिल्लीच्या हिवाळ्याशी त्याचे नाते जडले.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्याच्या आदल्या दिवशी कस्तुरबा गांधी मार्गाच्या कडेला एक जुनी प्लिमथ मोटार उभी असलेली मी पाहिली. इंजिन तापले होते आणि मालक ते निवण्याची वाट पाहत होते. गाडीचा गर्द किरमिजी रंग उन्हात झळकत होता. अशा वेळी प्रत्येक जण जो प्रश्न विचारतो तोच मीही विचारला, “हा रंग मूळचाच ना?” त्या गृहस्थांनी काही न बोलता मागची डिकी उघडली, कडेची रबरी पट्टी अंगठ्याने वर उचलली आणि तिच्याखाली दडलेला मळकट हिरवट रंगाचा पट्टा मला दाखवला. “हा गाडीचा रंग,” ते म्हणाले, “आणि बाहेरचा माझा.”

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. का, ते सांगण्यापूर्वी, वाचकहो, या छंदाविषयी थोडे सांगितले पाहिजे.

जुन्या मोटारींच्या शोधकांत एक वर्ग असा आहे की त्याला केवळ जुनी गाडी पुरत नाही. कारखान्यातून निघताना तिला जो रंग होता तोच हवा असतो, आणि तोही दुर्मिळ असेल तर अधिक हवा असतो. अमेरिकेतील ‘मसल कार’ नावाच्या गाड्यांबाबत हा शोध पराकोटीला पोहोचला आहे. मध्यम आकाराच्या गाडीत मोठे, दांडगे इंजिन बसवण्याची ही प्रथा साधारणपणे १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून मोजतात. पुढे १९७० साली क्रायस्लर कंपनीने या गाड्यांसाठी भडक रंगांची एक मालिकाच काढली. तीत एक झगझगीत गुलाबी रंग होता. डॉज गाड्यांवर त्याचे नाव ‘पँथर पिंक’ आणि प्लिमथ गाड्यांवर ‘मुलाँ रूज’. फार थोड्या ग्राहकांनी तो घेतला, आणि आज त्याच गाड्यांसाठी लोक देश पालथा घालतात.

ही माणसे रंग डोळ्यांनी पारखून थांबत नाहीत. इंजिनाच्या कप्प्यात पत्र्याची एक लहानशी पट्टी असते, तिच्यावर रंगाचा सांकेतिक क्रमांक ठोकलेला असतो. तो आधी वाचतात. मग दाराच्या बिजागरीमागे, गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या पोटात, म्हणजे जिथे रंगाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही अशा जागी, पहिल्या थराच्या खुणा शोधतात.

हे वेड परदेशाचेच आहे असे समजू नये. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात याच क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जात; पुढे आपली फियाटही तेथेच तयार होऊ लागली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठे फेरबदल न झालेले वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यानंतर आपल्याकडेही मूळपणाची विचारपूस वाढली.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांची १९६८ सालची फियाट आमच्या घरी होती. रंग फिकट निळा. पावसाळ्यांनी दारांचे पत्रे खालून खाल्ले, तेव्हा १९८६ साली वडिलांनी तिचे डेंटिंग-पेंटिंग करवून घेतले. पत्रे कापून नवे जोडले, पुट्टी भरली आणि वरून सगळ्या गाडीला तोच फिकट निळा रंग दिला. वडिलांच्या मागे गाडी पडून राहिली. दिल्लीच्या त्या भेटीपूर्वी काही महिने एक गृहस्थ ती पाहण्यास आले. जुन्या फियाटी जपणारे, अभ्यासू गृहस्थ. त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि विचारले, “हा रंग मूळचाच ना?” मी आर.सी. बुक उघडून त्यांच्यापुढे धरले. त्यात ‘फिकट निळा’ अशी नोंद होती. “पाहा ना,” मी म्हणालो, “कंपनीचाच आहे.” त्यांनी मागितली त्याहून बरीच अधिक किंमत दिली.

वाचकहो, मी खोटे बोललो का? आपल्या भाषेत ‘रंग’ हा शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या छटेलाही लागतो आणि डब्यातून काढून पत्र्यावर लावलेल्या थरालाही लागतो. छटा कंपनीची होती, थर रंगाऱ्याचा होता. त्यांनी थराविषयी विचारले हे मला कळत होते. मी छटेविषयी उत्तर दिले. उच्चारलेला प्रत्येक शब्द खरा होता आणि दिलेली समजूत खोटी होती. मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी अशा वेळी फार चतुर वकील होते. ती अशिलाला सोडवते, पण झोप मात्र देत नाही.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो मीही स्वतःशी घेतला होता. नवा थर जुन्यासारखाच दिसतो, गाडी तितकीच चालते, घेणारा आनंदात आहे. मग हानी कोणाची झाली? या आक्षेपाचे उत्तर त्या गुलाबी गाड्यांपाशी सापडते. गुलाबी रंग आजही डबाभर विकत मिळतो. शोधक पैसे मोजतो ते १९७० साली घडून गेलेल्या एका गोष्टीचे: सगळे लाल, निळे आणि पांढरे मागत असता कोणा एका ग्राहकाने लोक हसतील याची पर्वा न करता तो रंग मागितला. ती निवड आज पुन्हा करता येत नाही. गाडीवरचा पहिला थर त्या निवडीचा साक्षीदार आहे. मूळ रंग म्हणून जे विकले जाते ती वस्तुतः साक्ष असते, आणि साक्षीत खरेपणा नसेल तर विकण्याजोगे काही उरतच नाही.

म्हणून गाडी पुन्हा रंगवणे हे पाप आहे असे कोणी समजू नये. गंजलेला पत्रा तसाच सोडला तर गाडीच उरणार नाही. वडिलांनी केले ते योग्यच होते. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे तज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिच्यात याविषयी एक शहाणपणाचे तत्त्व आहे: नवा भाग जुन्याशी सुसंगत असावा, परंतु तो नवा आहे हे ओळखू यावे, म्हणजे दुरुस्तीमुळे इतिहासाचा पुरावा खोटा ठरणार नाही. ज्या मार्गावर मला ती प्लिमथ दिसली त्याचेही असेच आहे. तो एके काळी कर्झन रोड होता. नाव बदलले ते उघडपणे बदलले, आणि पूर्वीचे नाव कोणी विचारले तर ते सांगण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. बदल करण्यात असत्य नाही. केलेला बदल झाकून दुसऱ्याला अंधारात ठेवण्यात ते शिरते.

दिल्लीहून परतल्यावर मी त्या गृहस्थांना दूरध्वनी केला आणि सारे सांगितले. जादा घेतलेली रक्कम परत करण्याची तयारी दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “तुम्ही आधी सांगितले असते तरी मी गाडी घेतली असती. पण मग घरी आलेल्या प्रत्येकाला मी खोटे सांगितले नसते.”

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी त्यांचे थोडे पैसे घेतले एवढाच हिशेब मी मांडत होतो. प्रत्यक्षात एका प्रामाणिक माणसाला मी, त्याच्या नकळत, खोटा साक्षीदार बनवले होते. त्याने पुढे ज्यांना सांगितले, त्यांनीही ते इतरांना सांगितले असेल. शिवाय ज्यांच्या फियाटचा निळा रंग खरोखर पहिला आहे, त्यांच्या शब्दावरचाही विश्वास माझ्यामुळे थोडा उणा झाला. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीचा निषेध शेजाऱ्याच्या संदर्भात का केला आहे, हे मला त्या दिवशी अधिक समजले. त्यांनी मागितलेली रक्कम मी परत केली. ती लहान नव्हती, परंतु ज्यांना त्यांनी ती गाडी दाखवली त्या सर्वांकडे जाणे मला शक्य नव्हते, आणि ते ओझे आजही माझ्यापाशी आहे.

दुर्मिळ रंगासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाला आपण हसतो. दुसऱ्यापाशी नाही ते आपल्यापाशी असावे, एवढ्याचसाठी हा शोध असेल तर तो हसण्याजोगाच आहे. पण ज्याला एक अस्सल साक्ष हवी आहे, त्याचा प्रश्न आपण आदराने ऐकला पाहिजे, कारण तो केवळ मोटारींचा प्रश्न नाही. घराण्याचा इतिहास सांगताना, नोकरीसाठी आपली माहिती देताना, मुलामुलीच्या लग्नाची बोलणी करताना आपणही आर.सी. बुक पुढे धरतो. नोंद खरी असते. थराविषयी आपण बोलत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाचाच पहिला रंग आज अंगभर शिल्लक नाही. आयुष्याने पत्रे कापले आहेत, पुट्टी भरली आहे, वरून नवे हात दिले आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या गृहस्थांची गाडीही पुन्हा रंगवलेलीच होती. मात्र कोणी विचारले तेव्हा त्यांनी रबरी पट्टी उचलून दाखवली. आपल्याला कोणी विचारले, तर आपण काय उघडून दाखवतो?